मामंजींचं गाढव

माझे सासरे कडूबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. ऐकणाऱ्याला वाटायचं, आता तोफा निघतील, बंदुका निघतील. कशाचं काय! मामंजींच्या लढाईत नुसता खरारा. सकाळी खेचरांना खरारा, सांजच्याला खरारा, मंग खूर साफ करा, पायाला पट्ट्या गुंडाळा आन् चाला. जपानी खराऱ्यालाच भिऊन पळाले असतील, असं मी म्हणायची. तेही हसायचे.

अशा माणसानं शहाऐंशी साली भोकरदनच्या बाजारातून काय आणावं? गाढव! आम्ही बैलजोडी बाळगणारे शेतकरी, सारं केदारखेडा हसलं. ते गाढव काडीचं काम करीत नव्हतं. पहाटे ओरडायला लागलं की मामंजी अंथरुणात पडल्या पडल्या खुशाल ऐकत राह्यचे, भजन चालू असल्यासारखे. लष्करात ह्यांच्या कानाला काहीतरी झालं, अशी माझी पक्की खात्री होती.

त्याच साली माझ्या नणंदेला, शिवकन्येला पाहायला टेंभुर्णीचे रामराव मुलाला घेऊन आले. मुलगा मास्तर, घर खातंपितं. आधीची दोन स्थळं हातची गेल्ती, त्यामुळं हे जमलंच पाह्यजे म्हणून मी जिवाचं रान केलं. पोहे झाले. शिवकन्या मान खाली घालून बसली, आन् दाराशी गाढव सुरू झालं. बैठकीत कोणाचं कोणाला ऐकू येईना. मुलीसोबत हेही पाठवता का, असं रामराव म्हणाले आन् सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बैलाचं मुसकं उचललं आन् मी तरातरा निघाले गाढवाचं तोंड बांधायला.

मामंजी आडवे आले. "मुसकं ठेव, गिरिजे."

मंग पाव्हण्यांसमोर त्यांनी जे सांगितलं, ते आम्ही घरच्यांनीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडं राणी नावाचं खेचर होतं. पाठीवर वायरलेसच्या पेट्या. ओरडण्यानं दुश्मनाला ठावठिकाणा लागू नये म्हणून जंगलात शिरायच्या आधी जनावरांच्या डॉक्टरांनी सगळ्या खेचरांच्या गळ्यातला आवाजच कापून टाकला. राणीचं तोंड तेव्हा मामंजींनीच धरलं होतं. पुढं एका डोंगरात तिला गोळी लागली.

"मी म्होरं चालून राह्यलो व्हतो. दोर ताणला तवा मागं पाह्यलं. पडली व्हती. तोंड उघडून ओरडून राह्यली व्हती, आन् मला काहीच ऐकू आलं न्हाई."

मामंजी शिवकन्येकडं वळले. पाव्हण्यांसमोर मुलीला असं कोणी विचारत नसतं, पण त्यांनी विचारलं, पोरी, तुला काय म्हणायचं ते म्हण. ती म्हणाली, मुलगा पसंत हाय, पण आधी बारावीची परीक्षा देणार. रामरावांनी मुलाकडं पाह्यलं आन् म्हणाले, देऊ दे की. जमलं बाई एकदाचं!

पाव्हणे गेल्यावर मी टोमणा मारलाच. म्हणलं, मामंजी, मला पाहायला तुम्हीच आल्ते ना? मला विचारलं ते एवढंच, की धार काढता येते का.

मला वाटलं, हसतील. ते ओट्यावर बसले.

"चुकलंच," ते म्हणाले. "आता विचारतो, बाई. हे घर तुला पसंत हाय का?"

माझ्या तोंडी लागायची गावात कोणाची टाप न्हाई. पण तेव्हा मला उभ्या उभ्या रडूच आलं.