दामूकाका आणि परसातले टोमॅटो

दामूकाकांना हाक मारली की ते 'ओ' देत नसत, सरळ उठत. खोपोलीजवळच्या चौक गावात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मी कुंपणापलीकडून सहज विचारलं, "काका, टोमॅटो कुठल्या जातीचे?" तर हा माणूस भरल्या ताटावरून उठून उष्ट्या हाताने कुंपणापाशी हजर!

"अहो, जेवून यायचं ना."

"नाय गं. 'आलो' म्हणून बसून राहायची खोड व्हती मला. लय महागात पडली."

ती गोष्ट काका भेटेल त्याला सांगत. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते ओटीवर पेपर वाचत बसायचे आणि परसातली भाजी एकट्या सुमनकाकू करायच्या. टोमॅटोची रोपं फळांच्या भाराने वाकली होती. काकूंनी हाक मारली, "अहो, जरा काठी धरा, मी ठोकते." काका "आलो" म्हणाले. ते पोचले तेव्हा काकू ओल्या मातीत घसरून वाफ्याच्या दगडावर पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण वॉकर काही सुटला नाही.

"एक काठी धरायची व्हती," काका म्हणत.

तेव्हापासून टोमॅटो काकांकडे आले. पहिल्या वर्षी त्यांनी रोपं तारेने बांधली. खोडांना तार काचून शेंडे सुकले. काकू मागच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि तिथून ओरडत, "आवळू नका हो! फाशी देताय का त्याला?" मग काका जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडायला शिकले, काठी आणि खोड यांच्यामध्ये एक पीळ देऊन सैल गाठ मारायला शिकले. गाठ झाली की वळून काकूंकडे बघायचे. त्यांनी मान हलवली तरच पुढचं रोप.

मी एकदा म्हटलं, "काका, किती मनाला लावून घेता? अपघातच तो."

"अपघात देवाच्या हातचा असतो. हा माझा आळस."

गेल्या माघात काका झोपेतच गेले. तेरावं झाल्यावर मी काकूंकडे गेले, तर परसात बरीच रोपं वाऱ्याने आडवी झालेली. मी चिंध्या घेऊन बांधायला बसले. काकू खुर्चीत होत्या. माझ्या गाठीकडे बघत म्हणाल्या, "ते येत व्हते गं."

"कोण?"

"हे. मी पडले त्या दिवशी. चपलांचा आवाज ऐकला मी. पण मला राग आलेला. म्हटलं, आता नकोच यांची मदत. घाईघाईनं एकटीच काठी रोवायला गेले नि पाय सरकला."

"काकांना सांगितलं नाहीत?"

"सांगणार व्हते. पण दवाखान्यातून घरी आले नि हे हाकेसरशी यायला लागले. सगळ्या संसारात कधी आले नव्हते. मला बरं वाटायचं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले."

"त्यांनी ओळखलं असेल," काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले.

"नाय गं," काकू म्हणाल्या. "जायच्या आदल्या दिवशीसुदा माझे पाय चेपताना माफी मागत व्हते. आणि मी मोठ्या मनानं म्हटलं, असू दे."