धाकटीने गाळलेली पानं

गल्लीतले सगळे तिला शिवणमावशी म्हणत, तिच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. पस्तीस वर्षं एकाच खोलीत, एकाच खिडकीशी मशीन मांडून तिने शर्ट शिवले, शाळेचे गणवेश शिवले, पडदे शिवले, डॉक्टरांचे पांढरे कोट शिवले. माणूस दारातून आत आला की त्याचा खांदा किती आणि छाती किती, हे तिला नुसत्या नजरेने कळायचं. टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

तिला एकच मुलगी होती. तिला घरात ठकू म्हणत. आठव्या वर्षी ती तापाने गेली. ताप साधाच वाटला होता, तीन दिवसांत सगळं संपलं. पुढच्या वर्षी नवऱ्याने दुसरीकडे घर केलं. तो वाईट होता असं नाही. त्याला त्या खोलीत बसवत नव्हतं आणि मावशीला तिथून उठवत नव्हतं.

तेव्हा तिची धाकटी बहीण आठ दिवसांसाठी म्हणून बॅग घेऊन आली. टेलिफोन ऑफिसात नोकरी, लग्नाच्या भानगडीत पडलेली नाही, आवाज खणखणीत. त्या आठ दिवसांची चोवीस वर्षं झाली.

दोघींनी न बोलता कामं वाटून घेतली. स्वयंपाकघर धाकटीचं, मशीन मावशीचं. संध्याकाळी सहाला मशीन बंद व्हायचं, कारण त्याच्या खडखडाटात काही ऐकू येत नसे. मग मावशी काजं, बटणं, तुरपाई असली हातशिलाई घेऊन बसायची आणि धाकटी वाचनालयातून आणलेलं पुस्तक मोठ्याने वाचायची. आठ वाजेपर्यंत. मावशीचे हात मोकळे नसत, कान मोकळे असत. असं करत करत तिने शेकडो कादंबऱ्या ऐकल्या. एकही डोळ्याने वाचली नाही.

गेल्या वर्षी धाकटीचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, यकृताचं निघालं. अकरा आठवडे दवाखान्यात आणि घरी अशा खेपा झाल्या. शेवटी शेवटी तिचा आवाज इतका बारीक झाला होता की ती पाणी मागतेय हेही कान लावून ऐकावं लागे. ती गेली तेव्हा चोपन्न वर्षांची होती.

मावशी रडली नाही. पाचव्या दिवशी तिने मशीनवरचं कापड काढलं आणि राहिलेले गणवेश पुरे केले. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. बाई खंबीर नव्हती, बाईला दुसरं काही येत नव्हतं. स्वयंपाकघरात तर ती पाहुण्यासारखी वावरायची. मीठ कुठल्या डब्यात आणि डाळ कुठल्या, ते माहीत नाही. दोन दिवस शोधाशोध केली, मग नाद सोडला. सकाळी गोड चहा आणि बिस्किटं, दुपारी पावाला जॅम लावून, तेही मशीनवर बसूनच, रात्री पुन्हा चहा. पोट भरल्यासारखं वाटायचं. कपडे सैल व्हायला लागले तसे तिने दोन्ही बाजूंनी आत घेतले. आधी अर्धा इंच, मग आणखी अर्धा. हात आपोआप चालत होते, डोक्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

मग एक दिवस मशीन चालवताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सुई तर्जनीच्या नखातून आरपार गेली.

कोट शिवून घ्यायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच बोटाला पट्टी बांधली. रक्त तपासायला पाठवलं आणि दोन दिवसांनी बोलावून घेतलं.

"काल काय काय खाल्लंत?" बाईंनी विचारलं.

"चहा."

"आणि?"

"बिस्किटं."

"आणि?"

"चहाच. दुसरा."

बाईंनी कागद पुढे सरकवला. "साखर वाढलीय आणि रक्त कमी झालंय. एकाच माणसात दोन्ही. आणि तुमच्या अंगातला हा कुर्ता बाजूंनी कितीदा आत घेतलाय? मला टाक्यांच्या जुन्या खुणा दिसतायत. तुम्ही गावाची मापं घेता, स्वतःचं कमी झालेलं कळलं नाही?"

मावशीने कुर्त्याच्या शिवणीकडे पाहिलं. खरंच की. दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशा चार ओळी होत्या.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "औषध मी देते, पण ते निम्मंच काम करील. चहातली साखर बंद. डाळ, पालेभाजी, उकडलेलं अंडं, एखादं फळ. काकडी-गाजर तर चिरायलाही लागत नाही, धुवा आणि खा. आणि दुपारचं जेवण मशीनपासून लांब, टेबलाशी बसून. निदान वीस मिनिटं."

"वीस? माझं चार मिनिटांत उरकतं."

"मग सोळा मिनिटं काहीतरी वाचा."

डॉक्टरीणबाई हे सहज बोलून गेल्या. मावशीने मात्र ते गोळ्यांच्या चिठ्ठीसारखं घेतलं. दुसऱ्याच दिवशी ती वाचनालयात गेली. तिथला ग्रंथपाल साठीचा, जाड भिंगाचा, माणसांपेक्षा पुस्तकांशी गोड बोलणारा. तिने धाकटीचं नाव सांगितल्यावर तो उठून उभा राहिला.

"तुम्ही त्यांच्या ताई! कुठलं पुस्तक देऊ?"

डोळ्याने वाचायची सवय नाही, तेव्हा ओळखीचं काहीतरी बरं, असा मावशीने हिशेब केला. समुद्रातल्या दीपगृहावर राहणाऱ्या एका कुटुंबाची कादंबरी धाकटीने फार वर्षांपूर्वी, ती राहायला आली त्याच वर्षी वाचून दाखवली होती. दिवा सांभाळणारा बाप, जाळी विणणारी आई आणि त्यांची बडबडी मुलगी. मावशीची ती सर्वांत लाडकी गोष्ट. ती मुलगी येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना नावं ठेवायची. "ह्या कप्तानाच्या मिशा जहाजाच्या आधी धक्क्याला लागतात," हे तिचं वाक्य मावशीने कितीतरी मिशाळ गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. पुढे ती मुलगी मोठी होते, शहरात जाऊन टेलिफोन ऑफिसात लागते.

"दीपगृहाचं द्या," मावशी म्हणाली.

जेवणाचं बस्तान बसायला आठवडा गेला. पहिल्या दिवशी डाळ करपली, दुसऱ्या दिवशी कच्ची राहिली. समोरच्या भाजीवालीने पालक कसा निवडायचा ते दाखवलं आणि वर हसूनही घेतलं, "मावशी, अहो, देठं टाकायची, पानं नाही!" डाळ रात्री भिजत घातली तर सकाळी लवकर शिजते, हा शोध मावशीचा स्वतःचा. एक वाजला की ती दाराला कडी घालायची, ताट वाढून घ्यायची आणि पुस्तक बरणीला टेकवून उभं करायची. एका दुपारी सहा-सात पानं व्हायची. अक्षरावरून बोट फिरवत, ओठ हलवत. आश्चर्य म्हणजे घास सावकाश जायला लागला. गाजर चावताना पान उलटायचं राहायचं आणि पान उलटताना गाजर.

मिशांचं वाक्य काही सापडलं नाही. पुढे असेल, असं म्हणून ती वाचत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात मुलीला ताप येण्याचं प्रकरण आलं. ते मावशीला चांगलं आठवत होतं. चौथ्या दिवशी ताप उतरतो आणि मुलगी उठून आधी खायला मागते. ते ऐकताना मावशीच्या हातातली सुई थांबली होती आणि मग तिने मोठा श्वास सोडला होता. म्हणून ती निर्धास्त वाचत गेली. तिसरा दिवस. चौथा दिवस. मुलगी मेली.

तिने ते पान पुन्हा वाचलं. मग पुढची पानं भराभर चाळली. मुलगी कुठेच नव्हती. अर्धं पुस्तक बाकी होतं आणि त्यात फक्त आई आणि बाप. शहर नाही, टेलिफोन नाही, खायला मागणं नाही.

ताट तसंच टाकून ती वाचनालयात गेली.

"तुम्ही मला चुकीचं पुस्तक दिलंत," ती म्हणाली. "ह्यात मुलगी मरते."

"मरतेच ती," ग्रंथपाल म्हणाला. "शंभर वर्षं झाली मरतेय."

"आमच्या पुस्तकात मरत नव्हती. दुसरी आवृत्ती असेल."

"एकच आहे, बाई. आणि वाचनालयात प्रतही एकच. तुमच्या बहिणीने नेली ती हीच."

"पण ती मोठी होऊन टेलिफोन ऑफिसात लागते!"

ग्रंथपालाने भिंगातून तिच्याकडे पाहिलं. "ह्या गोष्टीत घोडागाड्या आहेत. टेलिफोन कुठून येणार?"

त्या वेळी मावशीनेही हेच विचारलं होतं. 'तेव्हा टेलिफोन होते का गं?' आणि धाकटी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली होती, 'नवीनच आले होते, ताई. मध्ये बोलू नकोस.'

मावशी समोरच्या खुर्चीवर बसली.

ग्रंथपाल म्हणाला, "पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, कोणीही मरत नाही अशी पुस्तकं आहेत का. मी म्हटलं, बागकामाची आहेत. तर म्हणाल्या, राहू द्या, मी बघते काय ते."

घरी येऊन मावशी संतापली. चोवीस वर्षं! आपण काय कुक्कुलं बाळ होतो? भोवती सगळं जग मरतंय, हे आपल्याला ठाऊक नव्हतं? भांडायचं तरी कोणाशी? "खोटारडी," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. दोन दिवस ती पुन्हा चहा-बिस्किटांवर आली.

तिसऱ्या दिवशी मात्र तिने डाळ शिजत टाकली आणि पुस्तक उघडलं. पुढे काय झालं, हे तिला हवंच होतं.

पुढे फारसं काही होत नव्हतं. बाप रोज दिवा लावत होता. आई जाळी विणत होती. एका पानावर शेजारच्या बेटावरच्या बाईची पोरं होडीतून खिदळत जातात आणि ही आई दारात उभी राहून मनात म्हणते, ह्यांना का नाही आला ताप. मग स्वतःच दचकते.

मावशीने चमचा खाली ठेवला. ठकू गेल्यावर शाळेचे गणवेश शिवायला आलेल्या प्रत्येक पोरीचं माप घेताना तिच्या मनात अगदी हेच आलं होतं. तीच छोटी कॉलर, तीच बाही. तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, धाकटीलाही नाही. आपल्यासारखी दुष्ट बाई दुसरी नसेल, असं तिने इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. आणि इथे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी ते सरळ छापून ठेवलेलं.

तेव्हा ती रडली. ठकूसाठी रडली आणि त्यातच कधीतरी धाकटीसाठी रडायला लागली. दोनला कोणीतरी दार वाजवलं, तिने उघडलं नाही. रडून झाल्यावर भूक लागली, म्हणून उरलेली गार डाळ संपवली.

पुस्तक पुरं करायला आणखी पंधरा दिवस लागले. मिशांचं वाक्य त्यात कुठेही नव्हतं. म्हणजे ते धाकटीचं. खायला मागणंही धाकटीचं. मुलगी वारल्यावरची ती अर्धी गोष्ट धाकटीने रोज संध्याकाळी, पान उलटल्याचं नाटक करत, मनाने रचली होती, आणि तीही न अडखळता. दिवसभर लोकांना नंबर सांगून आलेली बाई! मावशीला तिचं कौतुक वाटलं, रागही पुरता गेला नाही. दोन्ही राहिले.

त्यानंतर ती एकेक करून ऐकलेलीच पुस्तकं आणायला लागली. काही ठिकाणी धाकटीने काडीचा बदल केला नव्हता. एका ठिकाणी म्हातारा आजोबा मरतो तिथे त्याला तीर्थयात्रेसारख्या लांबच्या प्रवासाला धाडून दिलं होतं आणि मग त्याला परत आणायचं विसरली होती. एका ठिकाणी कुत्रा वाचवला होता. आणि प्रेमाचे प्रसंग तर तिने सगळ्या पुस्तकांतून सरसकट गाळले होते. पान अन् पान. ते मावशीला माफ करता आलं नाही.

"एवढं काय काय असायचं ह्यात," ती ग्रंथपालाला म्हणाली, "आणि मला नुसतं सांगायची, मग त्यांचं लग्न झालं!"

ग्रंथपाल पहिल्यांदाच मोठ्याने हसला.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं. साखर उतरली होती, रक्त वाढलं होतं, पूर्ण नाही पण बरंच. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. "वाचलं," मावशी म्हणाली, आणि मग खुलासा केला की सोबत पालकही होता. कुर्त्याच्या दोन्ही बाजूंची एकेक शिवण तिने उसवली, बाकीच्या दोन राहू दिल्या.

एका सोमवारी ती ग्रंथपालाला म्हणाली, "आता असं द्या की जे तिने नेलेलंच नाही."

त्याने धाकटीचं जुनं कार्ड काढून दोन्ही बाजूंनी पाहिलं, कपाटाशी बराच वेळ घालवला आणि एक हिरव्या कापडी बांधणीचं पुस्तक आणून दिलं. "ह्यात कोण मरतं ते सांगू का?"

"तोंड बंद ठेवा," मावशी म्हणाली.

घरी येऊन तिने अंडी उकडत ठेवली आणि सहज म्हणून पहिलं पान उघडलं. एक बाई रेल्वेने कुठेतरी निघाली होती आणि तिच्या पेटीत दुसऱ्याच कोणाचे तरी कपडे होते. कपडे कसे शिवलेत तेही लिहिलं होतं आणि ते बरोबर लिहिलं होतं. मावशी पंचविसाव्या पानावर असताना पातेलं तडतडायला लागलं. पाणी पार आटलं होतं, अंडी दगडासारखी झाली होती. तिने गॅस बंद केला, अंडी सोलली, मीठ लावलं आणि सव्विसावं पान काढलं.