सावलीतला हात

ऑक्टोबरचं तिरपं ऊन स्वयंपाकघरात आलं, की सावल्या लांबतात आणि मला इथल्या ॲथलोन गावातलं ते कार पार्क आठवतं.

कोविडचं पहिलं वर्ष; मी नुकतीच नाचाच्या नव्या क्लासला जाऊ लागले होते. क्लासचा हॉल बंद होता, म्हणून आमच्या शिक्षिका मिस व्हर्ना बाहेर कार पार्कमध्येच शिकवायच्या. त्या मूळच्या त्रिनिदादच्या. कॅरिबियन नाच इकडे रुजवला तो त्यांनीच, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगायचे. पाठीवर तळवा टेकवून शिकवायची त्यांची पद्धत, आणि नेमकी स्पर्शालाच बंदी. कथकने ताठ केलेली माझी पाठ काही केल्या लहरत नव्हती.

एका सकाळी त्या माझ्यामागे लांब उभ्या राहिल्या, हात पुढे केला आणि जराशा सरकल्या. डांबरावर त्यांच्या सावलीचा हात माझ्या सावलीच्या पाठीवर टेकला.

"सध्या यावर भागव," त्या हसत म्हणाल्या. "हॉल उघडला की खरा हात ठेवीन."

माझी पाठ अलगद सैल झाली.

हॉल पुढच्या वर्षी उघडला. मिस व्हर्ना त्याआधीच गेल्या होत्या; अंत्यविधीसुद्धा आम्ही लॅपटॉपवरच पाहिला.

आता तोच नाच मी लेकीला शिकवते. तिची पाठ ताठरली की माझा तळवा आपसूक तिथे जातो.

"मम्मी, टू हार्ड!" ती करवादते.

मी हात हलका करते. पण मिस व्हर्नांचा खरा हात किती हलका असायचा, हे मला कुठे माहीत आहे?