जोमाबाबा क्वालालंपूरला जातात

आमच्या पनवेलच्या ऑफिसात चहा आला की क्वालालंपूर निघतंच. ट्रिप पाच दिवसांची, पण किस्से सरता सरत नाहीत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चौघं गेलो होतो: मी, कॅशियर पेडणेकर, ऑफिसातलाच हरेश आणि त्याचे वडील जोमाबाबा. बाबांनी कोन गावातली उरलेली शेती बिल्डरला द्यावी म्हणून हरेश वर्षभर मागे लागला होता. बाबा काही सही करीनात. "एकदा मोठं शहर बघू दे, आपोआप विरघळतील," हे हरेशचं गणित. आम्हाला काय, निमित्तच हवं होतं.

*

बाबांचा नेम असा, की नव्या गावात गावदेवीला नारळ दिल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचं नाही. आता हॉटेलात गावदेवी कुठून आणणार? बाबांनी काचेच्या दारापुढेच नारळ धरला, डोळे मिटले, "आई, कौल दे" म्हणाले आणि एक पाऊल पुढे टाकलं. दार आपोआप उघडलं!

"जागृत हाय," बाबा म्हणाले. मग पाचही दिवस दाराला नमस्कार करूनच आत. तिसऱ्या दिवसापासून पेडणेकरही करायला लागले.

*

पेडणेकरांना काहीही दाखवा, पनवेलच आठवायचं. जुन्या भागात घुमट नि कमानींचं रेल्वे स्टेशन आहे, बघत राहावं असं. पेडणेकरांनी सगळे घुमट मोजले. मग म्हणाले, "आपल्या एसटी स्टँडला एकदा चुना मारायला हवा."

*

नव्या भागात एका टॉवरचं काम चाललं होतं. हरेशनं संधी साधली. "बघा बाबा, जमीन दिली की काय होतं ते."

"नि जमीनवाला कुठं गेला?"

आमचा गाइड टॉवरचे मजलेच सांगत राहिला. बाबांनी पिशवीतून आमची कपडे वाळत घालायची दोरी काढली, एक टोक वॉचमनच्या हातात दिलं आणि प्लॉट मोजायला निघाले. तो बिचारा सॅल्यूट ठोकून टोक धरून उभा!

"चार गुंठं रस्त्यात घालवलं याचं," बाबा परत येऊन म्हणाले. हरेशचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

*

शेवटच्या दिवशी बाबा हरवले. हरेश रडकुंडीला आला. सही राहिली बाजूला, त्याला बाप हवा होता. दोन तासांनी सापडले. काचेच्या इमारतींच्या मधोमध एक लाकडी घर, चार माड, कोंबड्या, आणि पायरीवर बाबा नि तिथलाच एक म्हातारा. हे आगरीत बोलतायत, तो त्याच्या मलय भाषेत, आणि दोघंही माना डोलावतायत. निघताना म्हाताऱ्याने बाबांचे दोन्ही हात धरले.

टॅक्सीत हरेशनं विचारलं, "एवढं काय बोलत होता तो?"

"त्याची बी जागा मागतान," बाबा म्हणाले. "नि त्याचा पोरगा बोलतो, चला, पुढच्या महिन्यात तुमाला फिराला नेतो."

"मग?"

"मी बोललो, जाव नको."