दुहेरी पॅकिंग

मूल गावच्या बाजाररस्त्यावर नवाब मिस्त्रीचं गाड्या दुरुस्तीचं टिनाचं दुकान होतं. मूलपासून पार जंगलातल्या एटापल्लीपर्यंत कुणीही नवी मोटारसायकल घेतली, की ती आधी त्याच्या दारी यायची. गाडीला हार असायचा, हँडलला पेढ्यांचा पुडा लटकलेला. नवाब पेढा तोंडात टाकी, हार खुंटीला अडकवी आणि इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडी. हेडखाली कंपनीने पातळ पत्र्याचं एक पॅकिंग बसवलेलं असे. तो त्यावर दुसरं बसवी, ठिणगीचं टायमिंग जरा मागे घेई आणि म्हणे, "आता गाडी आपल्या मुलखाची झाली."

जंगलाकडे पंप दूरदूरचे. तिकडे पेट्रोल मिळायचं ते पानठेल्यावर, बाटलीतून; त्यात रॉकेल किती, हे विकणाराही सांगू शकला नसता. असलं पेट्रोल जास्त दाबाच्या, घट्ट इंजिनात गेलं, की चढावर आत टकटक सुरू होते आणि पिस्टन खराब होतो. दुसऱ्या पॅकिंगने आतला दाब कमी होऊन इंजिन ढिलं पडे, टकटक थांबे. पॅकिंग म्हटलं की नवाब, अशी त्याची ओळख त्यावरच उभी राहिली होती.

दोन हजार साल उलटलं आणि पंपावर मोठ्या ऑक्टेन नंबरचं पेट्रोल आलं. नंबर मोठा तितकं ते जास्त दाब सोसतं, म्हणून इंजिन घट्ट ठेवता येतं आणि तेवढ्याच पेट्रोलात गाडी लांब जाते, असं शोरूमवाले सांगत. नवाबच्या दुकानाशेजारच्या चहाच्या टपरीवर त्यावरून रोज वाद व्हायचा.

धानगिरणीवरचा देवाजी म्हणे, "नंबर वाढवाचा म्हणजे भाव वाढवाचा, दुसरं काय?"

पंपावर नळी धरणारा अल्ताफ म्हणे, "गाडीले इचारा ना भाऊ, मले काऊन इचारता?"

आणि नवाब म्हणे, "नंबर कुठी दिसते त्यात? मले तं निसता रंग दिसते."

अशात गावातल्या बायनाबाईचा मुलगा प्रफुल दुकानात आला. तो एटापल्लीकडे मलेरियाच्या कामावर होता. गावोगाव फिरायचं, तापाच्या माणसांचं बोट टोचायचं, रक्ताच्या काचा गोळा करायच्या. पंधरवड्याने एकदा आईकडे मूलला येई. त्याच्या नव्या गाडीला रिवाजाप्रमाणे दुसरं पॅकिंग बसलेलं होतं.

"चाचा, टाकी पुरून नाई राह्यली. इथून फुल करून नेतो, फिरती अर्धी झाली का खलास. मंग बाटलीचंच घ्या लागते. ते दुसरं पॅकिंग काढा."

"कोनं शिकवलं तुले?"

"शोरूमवाल्यानं. या पेट्रोलले घट्टच इंजिन पायजे म्हणे. ढिलं केलं का पेट्रोल फुकट जाते."

"शोरूमवाला गेला होता का बे कधी एटापल्लीले?"

"तो नाई गेला. मी जातो ना!"

टपरीवरचे हसले. नवाब हसला नाही. या पोराचं खरं निघालं, तर आपल्यात आणि रस्त्यावरच्या इतर मिस्त्र्यांत फरक काय उरला, हा प्रश्न त्याच्या मनात तिथेच येऊन बसला. त्याने हेड उघडलं, पॅकिंग काढलं, टायमिंग पूर्ववत केलं.

"ने. टकटक वाजली तं माह्या दारात येऊ नको."

मग रस्त्याने एखादी मोटारसायकल गेली, की त्याचा हात थांबू लागला. त्याची बायको सुलताना जेवताना म्हणाली, "निवाला हाथ में, कान सडक पे. आयेगा तब आयेगा वो लडका."

पंधरवड्याने प्रफुल आला. नवाबने किल्ली घेतली, त्याला मागे बसवलं आणि गाडी गावाजवळच्या सोमनाथच्या चढावर घातली. वरचा गिअर तसाच ठेवून त्याने ॲक्सिलरेटरची मूठ पिळली. इंजिनचा याहून मोठा छळ नाही. तो मान तिरपी करून ऐकत होता. साखळी वाजत होती, सागाच्या पानांतून वारा जात होता. टकटक नव्हती.

वर पोचल्यावर त्याने टाकीचं झाकण उघडून गाडी हलवली. पूर्ण फिरती होऊनही आत पेट्रोल हिंदकळलं.

"बाटलीचं घेतलं होतं?"

"एक थेंब नाई, चाचा."

नवाब दगडावर बसला. मूलमधल्या गाड्या त्याला एकेक करून आठवू लागल्या. गिरणीवर जाणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या, जन्मात जंगलाकडे न गेलेल्या. अल्ताफच्या पंपावर भरायच्या आणि त्याने ढिल्या केलेल्या इंजिनात ते पेट्रोल वाया घालवायच्या. रिवाज होता, म्हणून त्याने त्यांनाही पॅकिंग घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो टपरीवर उभा राहून बोलला, "जे इथच्या पंपावर भरतेत, त्यायनं गाड्या आणाव्या. दुसरं पॅकिंग काढून देतो."

बाजाराला आलेला जंगलाकडचा सुकलू म्हणाला, "मंग आमचं, चाचा?"

"तुमचं राहू द्या. बाटलीचं पेट्रोल आहे तोवर ते लागते."

देवाजीला मोका मिळाला. "काऊन नवाबभाई, पानात वाढलेलं परत उचलून राह्यले का?"

"उचलून राह्यलो," नवाब म्हणाला. "तुयीच गाडी आण पहिली."

देवाजी चहा अर्धा टाकून उठला आणि गाडी आणायला गेला.