ग्रंथालयाच्या वहीतली सही

आमच्या कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती. दोन दिवस राहून कागद तपासायचे, वर्ग बघायचे आणि श्रेणी द्यायची, हे तिचं काम. त्या श्रेणीवरूनच कोल्हापुरातले पालक कुठलं कॉलेज बरं ते ठरवतात. माझ्या वाट्याला माजी विद्यार्थी आले होते. पास झालेल्या प्रत्येकाला फोन करून तो सध्या काय करतो ते लिहायचं.

नोकरी, लग्न, स्पर्धा परीक्षा. दुपारपर्यंत उत्तरं पाठ झाली. मग उचगावच्या एका मुलीचा नंबर लावला. वडिलांनी उचलला.

“ती कॉलेजला गेलीया की.”

“कुठल्या?”

“तुमच्याच. साडेपाचला येती.”

“अहो, तिला पास होऊन चार वर्षं झाली.”

“व्हय. तरी जाती की रोज,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मुलगी मला आठवत होती. अबोल. अक्षर ठसठशीत, डावीकडे कललेलं. मी ग्रंथालयात गेले आणि वाचनकक्षाची वही चाळली. रोज तिची सही होती, तशीच डावीकडे कललेली. ग्रंथपाल नवीन होते. म्हणाले, “येतात की त्या. अकराच्या सुमाराला.” 

दुसऱ्या दिवशी मी तिथंच थांबले. अकराला पन्नाशीची एक बाई आली. डोक्यावर पदर. तिनं पेन घेतलं आणि सावकाश ती सही केली.

“ही सही कुणाची?” मी विचारलं.

“लेकीची. मी आई तिची.”

“आणि ती?”

“निकाल लागला आन त्याच म्हयन्यात तापानं गेली.” तिचा आवाज हललासुद्धा नाही. “तिच्या वह्या गिरवून अक्षर शिकले मी. हितं बसलं की वाटतं, ती आत कुठंतरी पुस्तक शोधतीया. घरात आमी कॉलेजला गेलीया म्हंतो. दुसरं काय म्हणणार, मॅडम?”

मी प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी वही मागवून पाहिली. मग म्हणाले, “राहू दे ती वही. आणि त्या बाईंना कुणी हटकायचं नाही.” पहिलं वाक्य कॉलेजसाठी होतं की तिच्यासाठी, मला अजून कळलेलं नाही.

समिती आली. अध्यक्षांनी वही उलटली. माजी विद्यार्थिनी रोज येते, हे वाचून खूष झाले आणि ती कुठे बसते म्हणून विचारलं. ग्रंथपालांनी खिडकीकडे बोट केलं. बाई उठून उभी राहिली. अध्यक्षांनी हिंदीत नाव विचारलं. तिनं लेकीचं सांगितलं, शिवाय वर्ग आणि हजेरी क्रमांकही. अध्यक्षांनी तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढं गेले.

श्रेणी एक पायरी वर गेली. फाटकावर फलक लागला, पेढे वाटले. मी वाचनकक्षात जाऊन एक पेढा बाईंपुढं धरला.

“हिला बी द्या की,” ती म्हणाली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसली.

मी दुसरा पेढा त्या खुर्चीपुढं ठेवला. आणि दारापर्यंत पाय न वाजवता चालत गेले, कुणी वाचत असावं तशी.