आलीस का?

ओसाकातल्या एका बड्या दुकानाच्या दारात मिझुएने बावीस वर्षं कमरेत वाकून, येईल त्याला ‘या, यावं’ म्हटलं. शेवटी शेवटी त्या शब्दाचा तिला वीट आला. पन्नाशीला तिने नोकरी सोडली आणि शिकोकूच्या डोंगरात, कुरोताकीच्या खोऱ्यात, एक पडकं घर घेतलं. मैत्रिणी म्हणाल्या, वेड लागलंय बाईला. लागलं होतंच!

तिने घर शाकारलं, उतारावर चहाची झुडपं जगवली, रानडुकरांशी भांडली. पण एक मेलं राहूनच गेलं. बसथांब्याच्या बाकावर तीन म्हाताऱ्या बसायच्या. बाजारातून गावचं कुणी उतरलं की त्या म्हणायच्या, “आलीस का गं?” मिझुए उतरली की त्यांतली फुसानोकाकू, मिझुएची शेजारीण, सरकून जागा करायची आणि म्हणायची, “या, या. दमलात ना?”

झालं! पुन्हा तेच ‘या’, पाहुण्यांचं. एक नाही, दोन नाही, नऊ वर्षं! आता हे काय तोंडाने मागायचं असतं? मागून मिळालं तर त्यात काय मजा? ती घरी यायची आणि रागारागाने मुळा चिरत बसायची. त्या एका शब्दासाठी तिचा जीव तुटायचा.

मग बाकावरच्या दोघी वारल्या. फुसानोकाकू एकदा परसात पडली, तर मुलगा तिला ओसाकाला घेऊन गेला. बाकावर मिझुए एकटीच उरली.

पुढच्या ओबोनला, पितरांच्या दिवसांत, अकराच्या बसमधून काकू उतरली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात शहरातल्या मिठाईचा खोका, कागदात नीट बांधलेला. बाकापाशी येऊन ती चक्क कमरेत वाकली.

“जरा त्रास देते हं तुम्हाला. कबरीवर पाणी घालते नि चारच्या बसने निघते. मुलगा खाली स्टेशनवर थांबलाय.”

मिझुए उठली. तिने खोका काढून घेतला.

“हे कसलं पाहुण्यासारखं? आलीस का गं, काकू?”

“आले गं बाई, आले,” म्हातारी म्हणाली आणि बाकावर बसून ढसाढसा रडली.

चारला बस आली. मिझुएने हात धरून तिला चढवलं.

“जाऊन ये,” ती म्हणाली.

खिडकीतून काकू ओरडली, “येते गं! आणि मला उशीर झाला तर तू जेवून घे!”